तीन मीटरच्या आत

वरच्या खोलीत एक शेगडी होती, दोन पातेली, एक तवा, एक ताट, एक पेला आणि भिंतीत बसवलेला एक नळ. खुर्च्या दोन, पण दुसरीवर रेडिओ ठेवलेला. वर येताना दिसलेल्या खालच्या जेवणाच्या टेबलाला चार खुर्च्या. चौथीवर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. मोजणीवाल्या मुलीने सगळं एकदा मोजलं आणि सवयीने उलट्या बाजूने पुन्हा मोजलं.

"तवासुद्धा मोजता?" दारात उभ्या असलेल्या सुनेने विचारलं. "मग खालच्या कपबश्याही घ्या मोजायला, मॅडम. दोन फुटल्यात, तेवढ्या वजा करा."

"तव्याचं काही नाही. मला शेगडी आणि नळ बघायचाय."

घर एककुटुंब निवासी पट्ट्यात होतं. शहरात निवासी पट्टे चार: एककुटुंब, द्विकुटुंब, बहुकुटुंब आणि खाली दुकान, वर घर असा मिश्र. एककुटुंब पट्ट्यातले रस्ते अरुंद, गटारं लहान. एका इमारतीत एकच घर नांदेल असं धरून त्यांची मापं ठरलेली. पण आत घर एक की दोन, हे ठरवायचं कसं? माणसं येतात-जातात, आडनावं तीच असतात. म्हणून पालिकेचं कार्यालय चुली मोजायचं. शेगडी आणि नळ तीन मीटरच्या आत असतील, तर ते स्वयंपाकघर. त्याहून लांब असतील, तर नुसती चहाची सोय. दुसरं स्वयंपाकघर सापडलं की शेगडीला सील, नळाला बूच, आणि सगळ्यांनी एकाच चुलीवर जेवायचं.

या घरात वर दुसरं स्वयंपाकघर आहे, अशी तक्रार फोनवरून आली होती. करणाऱ्याने नाव सांगितलं नव्हतं.

"समोरचेच असणार," सून म्हणाली. "आमची गाडी त्यांच्या फाटकाजवळ लागली की त्यांच्या पोटात दुखतं. आम्ही काही वेगळं काढलेलं नाही हो आईंना. त्यांनाच शांतता लागते. त्यांची जेवायची वेळ वेगळी, पथ्य वेगळं. हो ना, आई?"

खाटेवर बसलेल्या आजींनी मान हलवली. ती मान 'हो'ची होती की 'नाही'ची, ते कळणं अवघड होतं.

खालून दूध उतू गेल्याचा वास आला, तशी सून धावत जिना उतरली.

मोजणीवालीने नळाच्या तोंडाला फीत लावली आणि शेगडीपर्यंत ताणली. दोन मीटर साठ. तिने पुन्हा मोजलं. दोन मीटर साठ.

ती स्वतः मिश्र पट्ट्यात राहायची, टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत. घर सोडल्यावर तिने पहिली वस्तू घेतली ती शेगडी. हवी तेव्हा पेटवायची, कुणाला विचारायचं नाही. संध्याकाळी ती उभ्याउभ्या पातेल्यातूनच जेवायची आणि किती मजेत चाललंय ते आईला फोनवर सांगायची. या बाईची शेगडी आपल्या हातून बंद व्हावी, हे तिच्या जिवावर आलं.

फरशीवर टेबलाच्या पायांचे ताजे ओरखडे होते, खिडकीपासून नळाकडे आलेले.

"आजी, शेगडीचं टेबल आधी खिडकीपाशी होतं ना?"

"होतं."

"पाणी जवळ पडावं म्हणून इकडे ओढलंत? गुडघे दुखत असतील."

"गुडघे काय, दुखतातच."

"मग माझं ऐका. आपण ते परत खिडकीपाशी नेऊ. मी तिथून मोजते. शेगडी वाचेल."

"राहू दे, बाळ. आहे तसंच मोज."

"चूल जाईल हो तुमची."

"जाऊ दे. नियम आहे तर आहे. माझ्यापायी तू कशाला नोकरी घालवतेस?"

स्वाभिमानी बाई, मोजणीवालीला वाटलं. अशी माणसं कुणाकडे काही मागत नाहीत; त्यांचं आपणच ओळखून करावं लागतं. आजवर तिने कुणासाठी एक सेंटीमीटर इकडचा तिकडे केला नव्हता. तिने फीत खिशात टाकली, टेबलाला दोन्ही हात लावले आणि ते खिडकीपर्यंत रेटत नेलं. आजी खाटेवरून उठल्या, दोन पावलं पुढे आल्या आणि तिथेच थांबल्या.

तीन मीटर चाळीस. आकडा खरा होता. मघाशी तो खरा नव्हता, एवढंच. तिने तो फोनवर भरला आणि कार्यालयाला पाठवून दिला.

पदराला हात पुसत सून वर आली. निकाल ऐकून तिने भिंतीला पाठ टेकली. "सुटलो, बाई. काल तपासणीची नोटीस आल्यापासून यांच्याही घशाखाली घास उतरला नव्हता. आई, ऐकलंत ना? सगळं होतं तसंच राहणार. मॅडम, चहा टाकते, खाली या." आणि ती गुणगुणतच जिना उतरली.

"आता कुणी काही म्हणो," मोजणीवालीने हळू आवाजात आजींना सांगितलं. "एकदा तपासणी झाली की त्याच घराची तक्रार पुन्हा घेत नाहीत. शेगडी कायमची तुमची."

"पुन्हा घेतच नाहीत?"

"नाही."

आजींनी खिडकीपाशी गेलेल्या टेबलाकडे पाहिलं.

"तुमच्या फोनवरच्या बाईंनी मला सांगितलं होतं, तीन मीटरच्या आत असली की नक्की बंद करतात," त्या म्हणाल्या. "म्हणून थोडं थोडं करून ओढलं मी ते. एकटीने."

मोजणीवालीच्या हातातला फोन वाजला. कार्यालयाचं उत्तर आलं होतं: इमारत एक, स्वयंपाकघर एक, कुटुंब एक.