नजर समोर ठेवा

परदेशात शिकायला आलेल्या दोघी चुलत बहिणी एकाच खोलीत राहत होत्या. साथीमुळे विद्यापीठाला टाळं लागल्यापासून त्यांचं सगळं शिक्षण लॅपटॉपवर आलं होतं. त्या सकाळी ताईचा शेवटचा ऑनलाइन पेपर सुरू झाला आणि मागच्या पलंगावर चिमूला दम्याने गाठलं. तिचा पंप खाली, सामाईक स्वयंपाकघरात राहिला होता. ताईने वळून पाहिलं, तोच परीक्षेवर पहारा ठेवणाऱ्या कॅमेऱ्याने ते टिपलं आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली : नजर समोर ठेवा, पुन्हा वळलात तर पेपर रद्द. "तू उठू नकोस गं," चिमू धापा टाकत म्हणाली, "नापास झालीस तर व्हिसा जाईल. जरा बरं वाटलं, की मीच जाऊन आणते." ताई लिहू लागली. मागून चिमूच्या छातीची शिट्टी ऐकू येत होती. ताईचा जीव टांगणीला लागला होता, पण डोळे पडद्यावरून हलले नाहीत. मग हळूहळू शिट्टी थांबली. 'लागला बाई एकदाचा डोळा,' असं मनाशी म्हणत तिने उरलेला पेपर मन लावून सोडवला. उत्तरं पाठवून ती पलंगाशी गेली, तेव्हा चिमूचा हात गार पडला होता. संध्याकाळी काकूचा व्हिडिओ कॉल आला. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "नशीब, तू जवळ होतीस गं बाळा," काकू म्हणाली. "परक्या मुलखात माझी पोर एकटी तरी गेली नाही." ताईला कॅमेऱ्याकडे बघवेना. "हो काकू," ती म्हणाली, "मी खोलीतच होते."