पिसाचं माप

"लांब! पुन्हा लांबच!" गेनबानं पीस जमिनीवर आपटलं. पण पीसच ते, आपटलंसुद्धा जाईना. तरंगत जाऊन चुलीपाशी बसलं, तसा गेनबा आणखीच पेटला.

धरणावरच्या साहेबाला मासेमारीसाठी संध्याकाळपर्यंत दोन डझन खोट्या माश्या हव्या होत्या. गळाच्या दांडीला रेशीम गुंडाळायचं आणि वरच्या टोकाशी तितराचं पीस वेढायचं. पिसाचे तंतू गळ जिथं वळतो त्या बाकापर्यंतच यावेत, तसूभरही पुढं नाहीत. भोरच्या बाजारातून आणलेली पिसं निघाली थोराड. काल गेनबानं ती कात्रीनं बेतली, तर साहेबानं सगळ्या माश्या फेकून दिल्या. कापलेलं पीस पाण्यात हलत नाही, मासा ढुंकूनही बघत नाही. आज बिघडलं तर साहेबाची नाव वल्हवायला दुसरा गडी येणार होता. गेनबाचं शेत धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. त्या नावेवाचून त्याला आता होतं काय?

आखूड पिसं होती ती पिंजऱ्यातल्या रावजीच्या अंगावर. वर्षाचाही न झालेला हा तितर गेनबानं वाळवी चारून वाढवलेला. जित्या पाखराची एवढी पिसं उपटणं त्याच्यानं होणार नव्हतं. आधी मान मुरगळावी लागणार.

"मेलं ते माप!" म्हणत त्यानं रावजीला बाहेर काढलं. पाखरू सवयीनं त्याच्या मनगटावर चोच घासू लागलं. गेनबाला रडू फुटलं, तरी बोटं मानेवर गेली.

तेवढ्यात त्याची बायको चंद्राबाई धुणं घेऊन दारात आली.

"अवं, काय करताय ह्ये?"

"ह्या गळाला ह्याचंच पीस बसतंय! म्या काय करू?"

"बांगडी बसंना म्हून कासार हात कापतो व्हय? दुसरी बांगडी काढतो न्हवं? पीस मोठं, तर गळ मोठा घ्या की!"

गेनबानं रावजीला पिंजऱ्यात सोडलं आणि गळांची डबी पुढं ओढली. साहेबानं दिलेल्या त्या डबीला सहा कप्पे होते, प्रत्येकात वेगळ्या मापाचे गळ. साहेबानं बोट ठेवलं होतं ते पहिल्या कप्प्यावर, म्हणून दोन दिवस गेनबानं तेवढाच उघडला होता. बाकीच्यांना हात लावायची छातीच झाली नव्हती.

संध्याकाळी साहेबानं नवी माशी उजेडात धरली. पीस बाकाशी नेमकं टेकलेलं. गेनबानं हात जोडले.

"सायेब, चुकी झाली. न इचारता दुसरा कप्पा उघडला."

साहेब त्याच्याकडं बघतच राहिला.

"अरे, मी तुला सगळी डबी दिली होती."