सोड्याच्या पाण्याची वाटी

"झाकणाखालची कडी अजून नरम कर," मालक तिसऱ्यांदा म्हणाले. "आजारी माणसाच्या बोटांत जोर कुठला असतो?"

तिने झाकण टेबलावर आपटलं. "आजाऱ्यांचा एवढा कळवळा कधीपासून? मागच्या खेपेला प्लास्टिक वाचवा म्हणून मागे लागला होतात."

मालक हसले. तिचं तोंड तिखट आहे हे औषधाच्या त्या कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं, आणि बाटलीचं झाकण तिच्याइतकं कुणाला कळत नाही हेही.

"याहून नरम केली तर तुटायच्याऐवजी वाफेवर अखंड निघेल," ती म्हणाली. "परत बसवली तर कळणारही नाही."

"वाफेवर धरणार कोण?"

"चोर."

"मग तुझी ती खूण आहे की!" मालकांनी डोळा मारला.

करारात तिने एकच अट घातली होती. झाकण उघडलं होतं का ते सांगणारी सीलमधली एक खूण बनवणाऱ्याच्याच डोक्यात राहील, मालकालाही कळणार नाही. मालकांनी हसत सही ठोकली होती. "नकोच सांगू बाई. दोन घोट पोटात गेले की मी सगळं बरळतो." नंतर त्यांनी पन्नास झाकणं भिंगाखाली घालून बघितली म्हणे. काही सापडलं नाही. तेव्हापासून खुणेचा विषय निघाला की हा डोळा.

ती खिडकीशी गेली. मागे पत्र्याची शेड होती. मुदत संपून दुकानांतून परत आलेला माल तिथे जाळतात असं सांगत. शेडच्या काचा आतून वाफेने ओल्या होत्या.

"करते नरम," ती म्हणाली.

तिची शाळा अर्धवट सुटलेली. जे काही शिकली ते बाबांच्या औषधाच्या दुकानात, काउंटरमागच्या स्टुलावर बसून. ते दुकान आता नव्हतं. सहा वर्षांपूर्वी तिथून नेलेल्या औषधाच्या बाटलीत रंगीत पाणी निघालं आणि शेजारणीचं लेकरू हकनाक गेलं. बाटली याच कंपनीची. कंपनीने हात झटकले. आमच्याकडून माल सीलबंद गेला, काय केलं ते दुकानदाराने. बाबा तीन वर्षं तुरुंगात काढून आले. कोर्टात, कोठडीत, घरात, कुणी विचारो न विचारो, त्यांचं एकच वाक्य होतं. "मी बाटली उघडली नव्हती."

गल्लीतली टवाळ पोरं त्यांना बघून पाण्याची बाटली उंच धरायची आणि तेच वाक्य म्हणायची.

"चोराच्या लेकीने बनवलेलं कुलूप," मालक गिऱ्हाइकांना सांगायचे. "जाहिरातीला आणखी काय पाहिजे?"

"माझा बाप चोर नाही," ती तिथल्या तिथे, गिऱ्हाइकासमोर म्हणायची. "आणि कुलूप पक्कं आहे."

दोन वर्षं तिचं सील बाजारात खपलं. मग मोठ्या इस्पितळाची ऑर्डर आली, आणि त्या ऑर्डरीबरोबर औषध तपासनीस. अबोल, खिशाला दोन पेनं. सीलची परीक्षा माझ्यासमोर घ्या, म्हणाला.

"तिच्या बापालाच बोलवू की!" मालकांनी टाळी मागितली. "याहून मुरलेला हात कुठे मिळणार?"

तपासनिसाने टाळी दिली नाही. ती म्हणाली, "आणते."

घरी बाबा म्हणाले, "मी बाटली उघडत नाही."

"नुसतं यायचं, बाबा."

त्यांनी दाढी केली. कोर्टात घालायचे तो सदरा काढला, स्वतः इस्त्री केली.

तपासनिसाने गोदामात फिरून एका खोक्यावर बोट ठेवलं. इस्पितळाला जायचा, नव्या लेबलांचा माल, दहा बाटल्या. ठरलं असं, की बाबांनी शेजारच्या खोलीत तपासनिसासमोर, वाफेच्या किटलीवर, दहातली एक बाटली उघडून परत बंद करायची. कुठली ते हिने ओळखायचं.

वीस मिनिटांनी दोघं बाहेर आले. खोका तपासनिसाच्या हातात होता.

तिने एक वाटी पुढे ओढली.

"हे काय?" मालकांनी विचारलं.

"सोड्याचं पाणी. कपडे धुवायचा सोडा."

सकाळीच मशीनवरून उतरलेली एक कोरी बाटली तिने घेतली. कापसाचा बोळा वाटीत बुडवून कडीखाली फिरवला. बोळा पांढराच राहिला. मग तिने झाकण वाफेवर धरून अलगद काढलं, परत बसवलं. कडी अखंड. पुन्हा बोळा फिरवला. गुलाबी.

"कडीच्या आत एका पांढऱ्या पुडीचा थर आहे," ती म्हणाली. "पूर्वी जुलाबाच्या गोळीत घालायचे ती. बसवलेलं झाकण एकदा जरी फिरलं तरी ती घासून बाटलीच्या गळ्याला लागते. साध्या पाण्याने जात नाही, भिंगाला दिसत नाही. सोडा लागला की बोलते."

तपासनिसाने लिहून घेतलं. मालकांनी टाळ्या वाजवल्या, पण दोनच.

तिने खोक्यातली पहिली बाटली घेतली. गुलाबी.

"सापडली!" मालक घाईने म्हणाले. "झालं, पास! चला साहेब, चहा घेऊ."

"अजून नऊ आहेत," ती म्हणाली.

दुसरी गुलाबी. तिसरी गुलाबी. प्रत्येक वेळी नवा बोळा. टेबलावर दहा गुलाबी बोळे ओळीने पडले.

मालक ताडकन उठले. "एक उघड म्हटलं होतं, म्हातारा दहाही उघडून बसला! बघा साहेब! जित्याची खोड!"

तिने मालकांकडे बघितलं नाही. ती तपासनिसाकडे बघत होती.

त्याने पेनाला टोपण लावलं.

"यांनी खोक्याला हातच लावला नाही," तो म्हणाला. "वीस मिनिटं माझ्यासमोर हाताची घडी घालून बसले होते. म्हणाले, मी तेव्हा बाटली उघडली नव्हती, आज तरी का उघडू?"