रोज एक गोळी

भिमाबाईंच्या कानात बोलणारी माणसं वीस वर्षांत कधी गप्प बसली नव्हती. म्हणून नव्या औषधाच्या चाचणीत पौर्णिमानं आईचं नाव घातलं. मेंदूतलं एक एन्झाइम रोखून धरणारी ही गोळी ते आवाज बंद करील, अशी डॉक्टरांना आशा होती. पौर्णिमा पुण्यात नोकरीला, ईट गावी आईजवळ फक्त तिचे वडील, आबा. रोज जेवणं झाली की आबा फोडलेल्या गोळीच्या पाकिटाचा फोटो पाठवायचे आणि खाली लिहायचे, "खाल्ली." सहा महिन्यांत एकही दिवस चुकला नाही. आवाज मात्र थांबले नाहीत. सातव्या महिन्यात त्या आवाजांनी भिमाबाईंना विहिरीपर्यंत नेलं.

आई गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, पाहुणे उठून गेल्यावर डॉक्टरांचा फोन आला.

"ताई, चाचणी संपली, म्हणून आता सांगता येतं. निम्म्या लोकांना औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी होती, पण तुमच्या आईंना खरीच गोळी मिळत होती. पूर्ण मात्रा पोटात गेलेल्या जवळजवळ सगळ्यांचे आवाज थांबले. यांचेच का थांबले नाहीत, ते मात्र कळत नाही."

पौर्णिमा फोन ठेवून आबांजवळ येऊन बसली. "आबा, आई गोळी गिळायची ना? नंतर थुंकून तर टाकत नव्हती?"

"छ्या! एकदाबी न्हाय."

"तुम्ही बघायचात?"



"बघायचो म्हंजे? म्या इख चारतोय असं वाटायचं तिला, म्हणून रोज तिच्या म्होरं अर्धी म्या खायचो, मग राहिलेली अर्धी ती गुमान खायची."