दोन शिंगरं

रेसची घोडी व्याली आणि तासाभरात मेली. शिंगराला दूध पाजायला स्टड फार्मवाल्यांनी अलिबागच्या किनाऱ्यावर टांगा ओढणारी फकरुद्दीनची घोडी नेली. तिचं आठवड्याचं शिंगरू मात्र आत नको म्हणाले. पण घोडी परक्या शिंगराला जवळ येऊ देईना. दोन दिवस तिला धरून फकरुद्दीनचं अंग आंबून गेलं. शेवटी त्याने स्वतःच्या शिंगराची गोधडी आणून पोरक्यावर टाकली. गोधडी हुंगून घोडीने त्याला पाजलं. संध्याकाळी पाय ओढत तो घरी आला, तर बायको दुधाची बाटली घेऊन घरच्या शिंगरापाशी बसलेली. “गोधडी गेल्यापासून थेंब घेत न्हाय.” त्याने अंगातला सदरा काढून शिंगराला पांघरला. सदऱ्याला घोडीच्या घामाचा वास होता. शिंगराने नाक खुपसलं, मग बाटली धरली. शिंगरू झोपल्यावर बायकोने सदरा बादलीत टाकायला उचलला. “धुऊ नको. उद्या हाच घालून घोडीकडे जातो.”