समजण्याच्या अलीकडे

"समजलं का?" चहा ठेवत शरयूने विचारलं.

"समजत आलंय, म्हणूनच थांबलो," मुकुंद पुस्तक मिटत म्हणाला.

शेअर बाजारात ऑप्शनच्या सौद्यांसाठी मनगटावर पट्टा बांधणं सक्तीचं झालं, तेव्हापासून हे असंच चाललं होतं. वाचणाऱ्याला एखादी स्ट्रॅटेजी समजली, की पट्टा ते ओळखून बाजाराला कळवायचा. लगेच ऑप्शनचे भाव बदलायचे आणि शिकलेलं फुकट जायचं. मुकुंदची कितीतरी पुस्तकं अशी वाया गेली होती. मग त्याने अर्धवट समजून अंदाजाने सौदे करायची सवय लावून घेतली.

"शाळेत असतात तर नापास झाला असतात," शरयू म्हणाली.

तो हसला. ती समोर बसली. चहावर धरलेली साय तिने चमच्याने बाजूला सारली.

"अहो, डॉक्टरांचा फोन आला होता. माझ्या गाठीचा रिपोर्ट..."

मुकुंदचा हात आपोआप वर गेला. "थांब. पुढचं नको सांगूस. एवढ्यावरच राहू दे."

शरयूला राग आला नाही. रागवायलाही त्राण लागतं.

"बाजाराला याचं काही नाही हो," ती म्हणाली, "मी तुम्हाला सांगतेय."