वाकून या

सोलापुरातली दीडशे वर्षांची हवेली पाडून बिल्डर इंद्रजीतसाहेबांनी आमची सोसायटी उभी केली. त्या हवेलीचं सागवानी दार इतकं ठेंगणं होतं, की गोरा कलेक्टरसुद्धा हॅट काढून, वाकूनच आत यायचा म्हणे. आता तिथं दहा फूट उंचीची लॉबी आहे. नुसती काच आणि ग्रॅनाइट, लाकूड औषधालाही नाही.

उभी हयात त्या हवेलीत राबलेले जोतीराममामा आता आमचे वॉचमन आहेत. लॉबीत शिरताना ते अजून वाकतात आणि येणाऱ्यालाही बजावतात, "वाकून या, दार लई ठेंगणं हाय." आम्ही हसतो. हसत हसत वाकतोही.

परवा इंद्रजीतसाहेब आले, तसे मामा लगबगीनं पुढं झाले. "सायेब, जरा वाकून!"

"मामा, ते दार मी स्वतः उभं राहून पाडलंय," साहेब म्हणाले आणि मुद्दाम ताठ मानेनं आत शिरले.

* * *

टाके घालण्याआधी डॉक्टरांनी साहेबांच्या कपाळातून चिमट्यानं सागवानाचं कुसळ काढलं.